रोजच्या कामासाठी टिकाऊ कॅमेरा बॅग: कापड पाहावे की शिवण?

उन्हातली सावली:

नमस्कार. मी गेली आठ वर्षे पूर्णवेळ छायाचित्रणावर उपजीविका करतो. कामाचे स्वरूप मिश्र आहे. समारंभ, संस्थांच्या बैठका, व्यक्तिचित्रे आणि अधूनमधून इमारतींची छायाचित्रे. आठवड्यातले पाच-सहा दिवस बॅग खांद्यावर असते आणि या आठ वर्षांत माझी तिसरी बॅग नुकतीच संपली. ‘फाटली’ असे न म्हणता ‘संपली’ असे म्हणतो, कारण तिन्ही वेळा कापड धडधाकट होते आणि बॅग मात्र निरुपयोगी झाली होती.

पहिल्या बॅगेची मुख्य चेन दोन वर्षांनी लावल्यावर मागून उघडू लागली. दुसरीचे आतले अस्तर चिकट झाले आणि त्याचे पांढुरके पापुद्रे लेन्सच्या काचेवर बसू लागले. तिसरीचा प्रसंग गेल्या महिन्यातला आहे. जिना उतरत असताना डाव्या कुशीला ‘टर्र’ असा बारीक आवाज आला. मी हात घालेपर्यंत पट्ट्याचे एक टोक शिवणीतून सुटले होते आणि बॅग तीन पायऱ्या घरंगळत गेली. कॅमेरा वाचला, पण ७०-२०० मिमी झूम लेन्सच्या पुढच्या कड्याला असा पोचा आला आहे की त्यावर आता फिल्टर चढत नाही. नंतर निरखून पाहिले, तर पट्टा जिथे जोडला होता तिथे जेमतेम दोन बोटे रुंदीच्या जागेत टाक्यांची एकच आडवी ओळ होती आणि सहा-सात किलोंचे ओझे रोज तिच्यावर झुलत होते. बॅग बनवणाऱ्यांना लिहिले, तेव्हा हमी केवळ उत्पादनातील दोषांसाठी आहे आणि ही ‘वापरामुळे झालेली झीज’ आहे, असे उत्तर आले. कॅमेऱ्याची बॅग वापरायची नाही तर काय करायचे, हे त्या पत्रात नव्हते.

माझ्याकडे दोन फुलफ्रेम मिररलेस बॉडी (म्हणजे लेन्स सोडून नुसते कॅमेरे), २४-७० आणि ७०-२०० या दोन झूम लेन्स (दोन्ही एफ २.८), एक ३५ मिमी लेन्स, दोन फ्लॅश, सहा बॅटऱ्या आणि कधीकधी लहान लॅपटॉप, इतके साहित्य असते. दुकानात गेल्यावर विक्रेते ‘हजार डेनिअर’, ‘बॅलिस्टिक नायलॉन’ असे शब्द पुढे करतात, पण माझ्या तिन्ही बॅगा कापडामुळे गेलेल्या नाहीत. मग नेमके काय तपासावे? खांद्यावरची घ्यावी की पाठीवरची? आणि रोजची बॅग म्हणजे सगळे साहित्य मावणारी बॅग, की त्या दिवसापुरते मावणारी? रोज काम करणाऱ्यांच्या अनुभवाची मला अधिक गरज आहे.

पहिले पान:

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात. मी वीसहून अधिक वर्षे वृत्तछायाचित्रणात आहे. नवे सहकारी बॅगेविषयी विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी एक काम सांगतो: एक पूर्ण दिवस खिशात चिठ्ठी ठेवा आणि बॅग उघडली की तिच्यावर एक रेघ ओढा, काय बाहेर काढले, तेही एका अक्षरात लिहा. माझ्या स्वतःच्या अशा एका चिठ्ठीवर ६३ रेघा होत्या. त्यांतल्या बहुतेक लेन्स बदलण्यासाठी किंवा बॅटरीसाठी होत्या आणि ‘असू द्यावी’ म्हणून बरोबर घेतलेल्या तिसऱ्या लेन्ससाठी एकही नव्हती. दिवसाला साठ वेळा उघडणारी बॅग वर्षातल्या तीनशे कामाच्या दिवसांत अठरा हजार वेळा उघडते. तुमची चेन दोन वर्षे टिकली, हे त्या मानाने बरेच झाले म्हणायचे.

म्हणून, जिथे दिवसभर उघडझाप करायची आहे तिथे मी चेनवर विसंबत नाही. वर मोठे झाकण असावे, ते एका हाताने उचलता यावे आणि खालची चेन असलीच तर ती प्रवासात किंवा गर्दीतच लावावी. वेल्क्रोचाही मोह टाळावा. शोकसभेत पहिल्या रांगेजवळ गुडघ्यावर बसून मी एकदा वेल्क्रो उघडला होता. त्या आवाजाने वळलेल्या माना मला अजून आठवतात.

मऊ कापडाची खांद्यावरची बॅग आमच्या व्यवसायात रुळली, त्यालाही हेच कारण आहे. १९७०च्या दशकाच्या मध्यात ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या दैनिकाचे छायाचित्रकार जिम डोमके यांनी स्वतःच्या कामासाठी कॅनव्हासची बॅग बेतली. ताठ पेटीऐवजी अंगाला लपेटून राहणारी आणि चालताचालता हात घालता येईल अशी बॅग त्यांना हवी होती. इंग्लंडमधल्या बिलिंगहॅमची गोष्ट याहून गमतीची आहे. त्यांनी १९७३ मध्ये मासे पकडणाऱ्यांसाठी बॅगा शिवायला सुरुवात केली आणि १९७८च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले की न्यूयॉर्कमधले छायाचित्रकार त्या बॅगा कॅमेऱ्यांसाठी विकत घेत आहेत. नवल करण्यासारखे त्यात फारसे नाही. एक हात गुंतलेला, बॅग ओल्या जमिनीवर टेकलेली आणि हवी ती वस्तू न बघता हाताला लागली पाहिजे, ही गरज नदीकाठच्या माणसाची आणि आमची एकच आहे.

तुमच्या यादीपैकी दोन बॉडी, दोन लेन्स, एक फ्लॅश आणि बॅटऱ्या एवढेच रोजच्या बॅगेत ठेवा. बाकीचे साहित्य वेगळ्या पेटीत गाडीत किंवा कामाच्या जागी कुलपात राहू द्या. बॅग मोठी असली की ती भरते, हा माझा तरी अनुभव आहे.

दुहेरी टाका:

मी बॅगा आणि तंबू दुरुस्त करण्याचे काम करते. छायाचित्रण मला येत नाही, परंतु छायाचित्रकारांच्या बॅगा माझ्या टेबलावर नियमितपणे येतात, म्हणून शिवणीच्या बाजूने लिहिते.

तुमचे निरीक्षण योग्य आहे. मधल्या भागात कापड फाटलेली कॅमेरा बॅग मी क्वचितच पाहिली आहे. चेन बिघडते, पट्ट्याचा सांधा उसवतो, आतला गोट सुटतो, फोम बसतो. कापड झिजतेच, तर तळाच्या चार कोपऱ्यांवर. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. हजार डेनिअर म्हणजे नऊ किलोमीटर धागा एक किलो भरतो, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे. धागा जाड आहे हे त्यावरून कळते. तो कसा विणला आणि कसा शिवला, हे कळत नाही. रोजच्या खांद्यावरच्या बॅगेला ५०० डेनिअरचे चांगले नायलॉन पुरते. उलट हजार डेनिअरचे खरखरीत कॉर्ड्युरा, म्हणजे जाड नायलॉनचे कापड, कंबरेशी घासून सदऱ्यांचे आणि कोटांचे सूत काढते, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे.

आता पट्ट्याविषयी सविस्तर लिहिते, कारण तुमचा अपघात तिथे झाला. नवार, म्हणजे पट्ट्याची जाड विणलेली फीत, बॅगेच्या कापडावर सपाट शिवलेली असेल आणि ओढ तिच्या लांबीच्या दिशेने येत असेल, तर सगळे टाके मिळून भार वाटून घेतात. परंतु नवार कापडापासून उचलली जाईल अशा कोनात ओढ आली, तर सगळा भार पहिल्या टाक्यावर येतो; तो तुटला की दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. ओल्या लिफाफ्याचे तिकीट एका कोपऱ्यापासून सोलावे, तशी ती शिवण सुटत जाते. तुम्ही ऐकलेला ‘टर्र’ आवाज तोच. शिवाय पायरी उतरताना बसणाऱ्या प्रत्येक हिसक्याला तो सांधा स्थिर वजनापेक्षा बराच जास्त भार सोसतो.

दुकानात पट्टा धरून बॅग उचला आणि जोडाच्या जागेकडे पाहा. नवार बॅगेच्या कुशीवरून खाली उतरत तळाखालून पलीकडे गेली असेल, तर ओझे शिवणीवर न टांगता नवारीच्या झोळीत बसते. याहून चांगली रचना मला माहीत नाही. वर ज्या डोमके बॅगेचा उल्लेख आला आहे, तिची नवार अशीच बॅगेला वेढा घालून जाते. ते नसेल तर निदान नवार कुशीवर चार बोटे खाली उतरलेली, चौकटीत फुलीचे टाके घातलेली आणि वरच्या कडेला दाट आडवा टाका, म्हणजे बारटॅक, मारलेली असावी. आतून हात फिरवून तिथे मागे जाड पट्टी लावली आहे का, तेही तपासा. टाके जितके दाट तितके चांगले, असे मात्र समजू नका. पाणी अडवणारा लेप दिलेल्या कापडावर फार दाट टाके घातले, तर सुईच्या भोकांची ओळ टपाल तिकिटांच्या कडेसारखी होते आणि कापड नेमके तिथेच फाटते. त्याच भोकांतून पाणीही आत येते, म्हणून ‘वॉटरप्रूफ कापड’ म्हणजे वॉटरप्रूफ बॅग नव्हे. पावसासाठी वेगळे आवरण लागतेच.

चेनचे म्हणाल तर, ती ‘गेली’ असे लोक म्हणतात तेव्हा बहुधा दात शाबूत असतात आणि रनर झिजलेला असतो. रनरचा जबडा आतून घासून सैल होतो आणि दात एकमेकांत दाबले जात नाहीत, म्हणून चेन मागून उघडते. पकडीने रनरच्या दोन्ही कडा अलगद दाबल्या तर काही आठवडे निभावते. रनरच बदलला तर पुन्हा काही वर्षे. तुम्ही पहिली बॅग टाकून दिली असेल, तर एका रनरसाठी टाकलीत, हे सांगताना मला वाईट वाटते. घेताना नायलॉनच्या वेटोळ्याची चेन निवडा. तिच्यात सुटा दात तुटण्याचा प्रश्न नसतो आणि मध्येच उकलली तरी रनर मागे नेऊन पुन्हा लावता येते. बहुतेकदा रनरच्या पाठीवर ५, ८ किंवा १० असा आकडा असतो. तो साधारणपणे लावलेल्या दातांच्या मिलिमीटरमधल्या रुंदीइतका असतो. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० असावा. बॅग पूर्ण भरून एका हाताने चेन लावून पाहा. दुसऱ्या हाताने कापड ओढून धरावे लागत असेल, तर ती चेन रोज ताणाखाली चालणार आहे आणि काटकोनात वळणाऱ्या कोपऱ्यांवर आधी झिजणार आहे.

बक्कल तुटले तर ते शिवण न उसवता बदलता येईल का, हेही एकदा विचारून ठेवा. धातूची आकडी आणि धातूची कडी असेल, तर दर काही महिन्यांनी कडीच्या आतल्या बाजूवर नख फिरवा. खाच लागली की कडी बदलायची वेळ आली.

तुमची तिसरी बॅग फेकू नका. कुशीची शिवण उसवून तळाखालून नवी नवार घालता येईल. कोणत्याही चांगल्या शिलाईकाराचे ते अर्ध्या दिवसाचे काम आहे.

तिपाई:

वरच्या दोघांच्या मतांचा आदर राखून थोडा विरोध नोंदवते. बॅगेच्या टिकाऊपणाची इतकी चर्चा झाली, पण खांद्याच्या टिकाऊपणाविषयी कोणी बोलत नाही. दहा वर्षे एकाच खांद्यावर ओझे वाहिल्यानंतर माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा उंच दिसू लागला आणि मानेच्या व्यायामासाठी तीन महिने जावे लागले. प्रश्नकर्त्यांच्या साहित्याचा हिशेब करा: दोन बॉडींचे सुमारे दीड किलो, २४-७०चे पाऊण ते एक किलो, ७०-२००चे एक ते दीड किलो, फ्लॅश, बॅटऱ्या आणि लॅपटॉप मिळून आणखी दोन-अडीच किलो. त्यात रिकाम्या बॅगेचेच दोन किलो असतील तर काय उपयोग? बॅग घेण्यापूर्वी ती रिकामी तोलून पाहा.

मी आता पाठीवरची सॅक वापरते, पण तिच्यातून काम करत नाही. कामाच्या जागी पोहोचले की ती भिंतीशी ठेवते. दोन्ही कॅमेरे दुहेरी पट्ट्याला लटकतात आणि कंबरेच्या लहान थैलीत बॅटऱ्या, कार्डे व एक लेन्स असते. सॅक पाठीच्या बाजूने उघडणारी घ्यावी. जमिनीवर ठेवताना पुढची बाजू मळते, पण अंगाला लागणारी बाजू कोरडी राहते आणि गर्दीत मागून कोणी चेन उघडू शकत नाही.

पहिले पान:

तिपाई यांचा मुद्दा मान्य आहे. धावपळ नसलेल्या कामाला त्यांची पद्धत उत्तम आहे. ज्यांना सामान भिंतीशी ठेवून दूर जाण्याची मुभा नाही, त्यांना मात्र खांद्याशिवाय पर्याय नाही. मी दर तासाला खांदा बदलतो आणि पट्टा तिरपा, छातीवरून घेतो. मऊ, जाड गादीपेक्षा घसरू न देणारा रुंद पट्टा मला अधिक उपयोगी वाटतो.

दुहेरी टाका यांना एक प्रश्न आहे: तुम्ही नायलॉनची बाजू घेतलीत, पण सुती कॅनव्हासविषयी काहीच लिहिले नाही. माझी कॅनव्हासची बॅग चौदा वर्षांची आहे.

दुहेरी टाका:

कॅनव्हासला माझा विरोध नाही. तो आवाज करत नाही, झिजतानाही हळूहळू, दिसेल असा झिजतो आणि ठिगळ छान धरतो. मेण लावलेला असेल तर ते पुन्हा लावता येते. परंतु साधा कॅनव्हास पाणी पिऊन जड होतो आणि ओला गुंडाळून ठेवला तर कुजतो. तुमची बॅग चौदा वर्षे टिकली यात कापडाइतकाच वाटा तुम्ही ती वाळवत आला असाल, याचा आहे. एक सांगा, तिचा शिवणधागा सुती आहे की पॉलिएस्टरचा? जुन्या कॅनव्हासच्या बॅगांमध्ये कापडाआधी सुती धागा विरलेला मी पाहिला आहे.

पहिले पान:

धागा एकदा बदलून घेतला आहे. म्हणजे तुमचेच म्हणणे खरे ठरले.

काचेवरचे दव:

दुसऱ्या बॅगेच्या चिकट अस्तराविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. नायलॉनच्या आतल्या बाजूस पाणी अडवण्यासाठी पॉलियुरेथेनचा लेप देतात. दमट आणि उबदार हवेत बाष्पामुळे त्या लेपाचे रासायनिक विघटन होते. आधी कुबट वास येतो, मग चिकटपणा आणि शेवटी पापुद्रे. ही प्रक्रिया उलटवता येत नाही, फक्त लांबवता येते. बॅग ओली असताना बंद करून कपाटात ठेवू नये, एवढे पाळले तरी पुष्कळ फरक पडतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे बॅग ही साहित्य वाहून नेण्याची वस्तू आहे, साठवण्याची नव्हे. फोम आणि अस्तर ओल धरून ठेवतात, आत अंधार असतो आणि हवा खेळत नाही. लेन्सच्या बुरशीला आणखी काय हवे? घरी आल्यावर साहित्य बाहेर काढावे आणि साधारण ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणाऱ्या हवाबंद डब्यात किंवा कपाटात ठेवावे. सिलिका जेलची पुडी बॅगेत टाकून निश्चिंत होणाऱ्यांनी ती शेवटची कधी तापवून वाळवली होती, हे आठवून पाहावे. आतले कप्पे पाडणारे पडदे काढून बॅग दर महिन्याला उलटी झटकावी, तळाशी साठलेली वाळू लेन्सच्या कड्यांवर चरे पाडते. पडद्यांचा फोम बोटाने दाबून पाहावा. लगेच पूर्ववत झाला तर ठीक. बोटाचा खड्डा तसाच राहिला किंवा आत भुगा झाल्यासारखे लागले, तर तो बदलावा.

उन्हातली सावली:

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी चिठ्ठीचा प्रयोग करून पाहायचा होता. चार कामांच्या दिवसांत माझ्या रेघा अनुक्रमे ४१, ५५, १८ आणि ४७ आल्या. अठराचा दिवस इमारतींच्या छायाचित्रांचा होता. ३५ मिमी लेन्स चार दिवसांत दोनदा बाहेर आली आणि लॅपटॉप एकदाही नाही. ते दोन्ही आता वेगळ्या पेटीत गेले आहेत.

नंतर सगळे साहित्य घेऊन दुकानात गेलो आणि काउंटरवर एकेक बॅग भरून पाहिली. विक्रेत्याला प्रारंभी ते रुचले नाही, परंतु मी बॅगेत हात घालून पट्ट्याच्या जोडामागची पट्टी चाचपू लागल्यावर तोही कुतूहलाने पाहू लागला. पाहिलेल्या पाच बॅगांपैकी तिघींचा पट्टा माझ्या जुन्या बॅगेसारखा वरच्या शिवणीतच अडकवलेला होता आणि त्यांतली एक सगळ्यांत महाग होती. जी घेतली, तिची नवार तळाखालून जाते, झाकणाला दोन बक्कले आहेत, चेन आठ क्रमांकाची आहे आणि रिकाम्या बॅगेचे वजन सव्वा किलो भरले. कापड ५०० डेनिअरचे आहे. रंग मला आवडलेला नाही.

तिसरी बॅग दुहेरी टाका यांनी सांगितल्याप्रमाणे शिवायला दिली होती, ती काल परत आली. पूर्ण भरून रात्रभर दाराच्या आकड्याला पट्ट्याच्या एकाच टोकावर टांगून ठेवली होती. सकाळी भिंगाने टाके पाहिले, एकही हललेला नाही. पहिली बॅग माळ्यावर सापडली असून तिच्या रनरच्या पाठीवर ५ हा आकडा आहे. त्या मापाचा सुटा रनर मिळाला आहे. पण चेनचे वरचे टोक शिवणीत गेलेले असल्यामुळे तो आत कसा सरकवावा, हे कळत नाही. शिवण किती उसवावी लागेल?

दुहेरी टाका:

फक्त एका टोकाची, बोटभर. दोन्ही बाजूंचे दात समान पातळीवर धरून रनर एकदम सरकवा आणि लगेच टोकाशी सात-आठ टाके एकावर एक घालून अडसर करा, नाहीतर पहिल्याच ओढीला रनर हातात येईल.